अर्धाच सोडलेला चेहरा: बरोक काळातली तांब्यावरची व्यक्तिचित्रं

रेघाळ

तैलचित्रांवर इथे पुष्कळ धागे आहेत, छापील चित्रांवर जवळजवळ नाहीतच. खरं तर सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या, युरोपात सर्वसाधारण माणसाने राजाचं, पंडिताचं किंवा नावाजलेल्या चित्रकाराचं तोंड पाहिलं असेल, तर ते बहुधा कागदावर, काळ्या शाईतच. तैलचित्र एका वाड्यात एका भिंतीवर टांगलेलं असायचं. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेले ठसे शेकड्यांनी गावोगाव जायचे.

एका चित्रापासून सुरुवात करतो. अँटनी व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराने १६३० च्या आसपास स्वतःचं एक एचिंग केलं. कागद जवळजवळ सगळा कोरा. वरच्या बाजूला फक्त डोकं, खांद्यावरून वळून आपल्याकडे बघणारं. विस्कटलेले केस, वर वळवलेल्या मिशा, भुवई किंचित चढलेली. गालावर रेघा कमी आणि ठिपके जास्त. गळ्यापाशी कॉलरचे दोन-चार फटकारे आणि त्याखाली काहीच नाही. हात नाहीत, अंगरखा नाही, नाव नाही.

हे चित्र ज्या मालिकेशी जोडलं जातं, ती म्हणजे ‘आयकॉनोग्राफी’. व्हॅन डाइकने आपल्या काळातल्या नामवंतांची चित्रं काढायची आणि अँटवर्पच्या मार्टिनुस फान देन एन्डेनने ती कोरून घेऊन छापायची, असा बेत होता. फान देन एन्डेनने ८० चित्रं छापली. त्यात राजे-सेनापती १६, मुत्सद्दी आणि विद्वान १२, आणि चित्रकार, शिल्पकार, संग्राहक मिळून ५२! चित्रकाराने आपल्या बिरादरीला सेनापतींच्या पंक्तीला बसवलं, तेही तिपटीहून जास्त पानं वाढून. पण बहुतेक पट, म्हणजे छापायचे तांब्याचे पत्रे, व्हॅन डाइकने स्वतः केले नाहीत. तो खडूची रेखाटनं आणि एकरंगी तेलचित्रं करून द्यायचा, आणि फोर्स्टरमान, पाँटियस, बोल्सवर्ट असे कसलेले लोक ती तांब्यावर कोरायचे. त्याच्या स्वतःच्या हातचे पट जेमतेम पंधरा-अठरा.

आता गंमत बघा. व्हॅन डाइक १६४१ मध्ये लंडनला वारला. पट खिलिस हेन्ड्रिक्स नावाच्या प्रकाशकाकडे आले आणि १६४५ मध्ये त्याने १०० चित्रांची आवृत्ती काढली. तिला मुखपृष्ठ हवं होतं. मग त्याने याकोब नेफ्स या कोरणाऱ्याकरवी व्हॅन डाइकच्या चेहऱ्याचा तोच कोरा पट ‘पुरा’ करून घेतला. डोक्याखाली धड आलं, धडाखाली चौथरा, चौथऱ्यावर मजकूर. हाडामासाचा माणूस दगडी पुतळा झाला, आणि चेहऱ्याच्या रेघा बहुतांशी त्याच!

माझं म्हणणं असं की बरोक काळात चेहरे हजारोंनी छापले गेले, पण जिवंत राहिले ते एचिंगमधले, जिथे पट पुरा करायची घाई कुणी केली नाही. कोरणाऱ्यांनी हात लावला की चेहरा गेलाच. बोला.

चहाबाज

सुंदर धागा. पण अडाण्याला आधी हे सांगा की एचिंग आणि एन्ग्रेव्हिंग यात नेमका फरक काय? दोन्हीत तांबंच ना?

तांबडी_प्लेट

चहाबाज, मी उत्तर देते. जे. जे.मध्ये प्रिंटमेकिंग केलंय, त्यामुळे बोटांवर डाग पडलेले आहेत.

दोन्हीत तांबंच, आणि दोन्हीत शाई खाचेत बसते. फरक आहे तो खाच पाडण्यात. एन्ग्रेव्हिंगला ब्युरिन लागतं. म्हणजे चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागे लाकडी गोळा. तो गोळा तळहातात बसतो आणि हत्यार तुम्ही पुढे ढकलता. नांगराच्या फाळासारखं ते तांब्यात शिरतं आणि पुढे तांब्याची बारीक कुरळी तार निघत जाते. वळणदार रेघ हवी असेल तर हत्यार वळवायचं नाही, प्लेट फिरवायची. त्यासाठी प्लेटखाली वाळू भरलेली चामडी गादी असते. डावा हात प्लेट फिरवतो, उजवा जवळपास स्थिर. रेघ बारीक सुरू होते, मध्ये जोर दिला की फुगते आणि शेवटी पुन्हा केसासारखी होते. कडेला उठलेलं तांबं खरवडून काढलं की रेघ स्वच्छ. हे शिकायला वर्षं जातात, आणि हात थरथरला तर ते तांब्यावर राहतं.

एचिंगमध्ये प्लेटवर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात आणि धुराने काळा करतात. त्यावर सुईने चित्र काढायचं, कागदावर काढतो तितक्या सहज. सुई फक्त थर उचलते, खणायचं काम आम्ल करतं. फिकट हव्या त्या रेघा थोड्या वेळाने वार्निशने झाकायच्या आणि बाकीच्या परत आम्लात. म्हणून चित्रकारांना एचिंग प्यारं. रेखाटता येणाऱ्या कुणालाही ते जमू शकतं, ब्युरिन जमत नाही.

तिसरा प्रकार ड्रायपॉइंट. सुईने थेट तांबं ओरखडायचं. कडेला जे तांबं उठतं ते खरवडायचं नाही, त्यात शाई अडकते आणि मखमली काळोख मिळतो. पण ती कड दाबाखाली लवकर झिजते. थोडेच ठसे चांगले येतात, मग मखमल संपली. ब्युरिनची प्लेट हजारावर ठसे सहज काढते.

रेघाळ, तुमच्या मूळ मुद्द्याबद्दल थोडी शंका आहे. सतराव्या शतकात या दोघींत तुम्ही म्हणता तशी भिंत नव्हती. जाक कालो या फ्रेंच एचिंगकाराने कडक वार्निश आणि तिरक्या टोकाची सुई वापरून एचिंगची रेघसुद्धा फुगवून दाखवली. आब्राम बॉसने १६४५ मध्ये पॅरिसला या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि एचिंग इतकं नेटकं करावं की ते ब्युरिनचं वाटावं, असा त्याचा आग्रह होता. योगायोग बघा, तुमच्या त्या चौथऱ्याचंही हेच साल.

फुलपाखरू_२

वाचतेय. तांबडी_प्लेट, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

जुनाट

रेघाळ, ‘कोरणाऱ्यांनी हात लावला की चेहरा गेलाच’ हे जरा अतीच झालं. रोबेर नांतय पाहिलाय का?

फ्रान्समधल्या रॅंसचा कोरणारा, पुढे पॅरिसला. १६७८ मध्ये गेला, तोवर दोनशेच्या वर व्यक्तिचित्रं कोरली. जवळजवळ सगळ्यांचा साचा एकच: अंडाकृती चौकट, छातीपर्यंतचा माणूस, चौकटीवर नाव आणि हुद्दे. कंटाळवाणं वाटेल. पण तो दुसऱ्याच्या तैलचित्रांवरून कोरणारा नुसता कारागीर नव्हता. माणसाला समोर बसवून तो स्वतः पेस्टलमध्ये चेहरा काढायचा आणि मग तांब्याकडे वळायचा. त्याच्या कितीतरी ठशांवर ‘प्रत्यक्ष पाहून केले’ अशी लॅटिन नोंद आहे.

आता झूम करून चेहरा बघा. अंगरख्यावर लांबलचक फुगत्या रेघा, केसांवर वळसे, पण गालावर लांब रेघ जवळजवळ नाही. सगळे बारीक तुटक फटके आणि टिंबं. पापणीखालची सूज, ओठाच्या कोपऱ्यातली आठी, दाढी केल्यानंतरची निळसर झाक, हे सगळं काळ्या शाईत. १६५८ मध्ये त्याने झाँ लोरे या कवीला कोरलंय. ज्याला व्हॅन डाइकच्या कोऱ्या कागदाशिवाय जीव दिसत नाही, त्याने हे जाडजूड, मिस्किल तोंड जरूर बघावं.

आणि या माणसाने धंद्याची इज्जतही वाढवली. चौदाव्या लुईने त्याला दरबारी रेखाटनकार-कोरणकार नेमलं. १६६० मध्ये सँ-झाँ-द-ल्यूझ इथून जे फर्मान निघालं, त्यात एन्ग्रेव्हिंग ही स्वतंत्र कला मानून तिला कारागीर संघांच्या बंधनातून मोकळं केलं. त्यामागे नांतयचं वजन होतं, असं मानतात.

रेघाळ

जुनाट, नांतय पाहिलाय, आणि लोरेबद्दल वाद नाही. पण तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा दडलाय. चेहरा जिवंत आहे तो नांतयने माणूस समोर बसवला म्हणून. त्याच्या मोठ्या कामात कपडे आणि चौकटी मदतनीस करायचे. म्हणजे चेहऱ्यापुरता त्याने स्वतःचा हात राखून ठेवला. आणि लुईची ती जवळपास खऱ्या आकाराची डोकी? रेशीम, लेस, चिलखत, सगळं डोळे दिपवणारं. पण दहा मिनिटं बघून राजाबद्दल काय कळतं? फक्त तो राजा आहे एवढंच.

जुनाट

राजाचं चित्र कशासाठी होतं तेही बघा की. वकिलातींना भेट द्यायला, विद्यापीठात कुणी प्रबंधाचा जाहीर बचाव करणार असेल तर त्या भल्यामोठ्या तक्त्याच्या डोक्यावर छापायला. तिथे ‘मी राजा आहे’ एवढंच सांगायचं होतं आणि ते नांतयने चोख सांगितलं. पोस्टाच्या तिकिटावर मनोविश्लेषण शोधू नये.

चहाबाज

🙂 हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावणार.

पानगळ

कोरणाऱ्यांची बाजू घ्यायला मीही येते. रेघाळ यांनी फोर्स्टरमानचं नाव एका ओळीत उरकलं, त्याची कथा तेवढ्यावर सोडण्यासारखी नाही.

लुकास फोर्स्टरमान आधी अँटवर्पचा नामवंत चित्रकार रुबेन्स याच्याकडे होता. रुबेन्स धंद्यात भलता हुशार. आपली चित्रं कोरून छापली की नाव सगळीकडे होतं हे त्याने ओळखलं होतं, आणि कुणी नक्कल करू नये म्हणून फ्रान्स, स्पॅनिश नेदरलँड्स आणि डच प्रजासत्ताक अशा तिन्हीकडून मक्तेही मिळवले होते. फोर्स्टरमान रुबेन्सचा रंग काळ्या-पांढऱ्यात आणायचा. रेशमाची चमक, कातडीचा ओलावा, सगळं. आणि एवढ्या कष्टानंतर हुकूम रुबेन्सचा, नाव रुबेन्सचं. १६२२ च्या सुमारास दोघांचं इतकं फाटलं, की फोर्स्टरमानपासून रुबेन्सच्या जिवाला धोका आहे म्हणून त्याला संरक्षण मिळावं असा अर्ज स्पॅनिश नेदरलँड्सची शासक इन्फंटा इसाबेला हिच्याकडे गेला. फोर्स्टरमान पुढे इंग्लंडला गेला, काही वर्षांनी अँटवर्पला परतला आणि व्हॅन डाइकच्या मालिकेत कामाला लागला.

आणि व्हॅन डाइकने जे मोजके पट स्वतःच्या हाताने केले, त्यात एक याच फोर्स्टरमानचा आहे. अंगाभोवती झगा लपेटलेला, चेहरा ओढलेला, नजर बाजूला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे कोरले, त्याचा चेहरा कोरायचं काम व्हॅन डाइकने दुसऱ्या कोरणाऱ्याला दिलं नाही. मला ही पावती वाटते.

रेघाळ

पानगळ, दंडवत. हा पट डोळ्यांसमोर होता, पण असा कधी वाचला नव्हता.

मुंगी_उडाली_आकाशी

रेम्ब्रां कुठाय? धाग्यात दहा प्रतिसाद झाले आणि रेम्ब्रां नाही म्हणजे कमाल आहे.

रेघाळ यांच्या ‘पुरा न करणे’ या मुद्द्याला तो फारच अडचणीचा. कारण १६४७ चं ‘यान सिक्स’ घ्या. तरुण, श्रीमंत, कवी मनाचा माणूस खिडकीला टेकून वाचत उभा. मागून उजेड, खोलीत काळोख, टेबलावर तलवार आणि कपडे टाकलेले. सगळा पट इतका भरलाय की कोरा कागद फक्त खिडकीपाशी आणि हातातल्या पानांवर उरतो. एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन तिन्ही एकाच पटात. चेहऱ्यावर थेट उजेड नाहीच, पानावरून उडालेला उजेड हनुवटीखाली लागतो. एवढं पुरं केलेलं काम, आणि तरी तो माणूस त्या क्षणी वाचतोय हे शंभर टक्के खरं वाटतं.

उलट टोकाला १६५१ चा क्लेमेंट दे योंग. आम्स्टरडॅमचा चित्रविक्रेता. खुर्चीत, टोपी घालून, हातमोजे घालून, अंगरखा ढिला. भोवती मोकळा कागद. रेम्ब्रां या पटाकडे पुन्हा पुन्हा परतला. सुरुवातीच्या ठशांत चेहरा कोवळा, खुला. मग डोळ्यांवर टोपीची सावली गडद होत जाते, तोंडाभोवती काम वाढतं, पुढे वर कमान येते. ठसे शेजारी ठेवले तर एकच माणूस आधी तुमचं ऐकून घेणारा आणि नंतर तुमची किंमत करणारा वाटतो. यातला ‘पुरा’ कुठला? दे योंग वारल्यावर त्याच्या मालाची यादी १६७९ मध्ये झाली, तीत रेम्ब्रांचे चौऱ्याहत्तर तांब्याचे पट होते. धंदा कळत होता गड्याला.

रेघाळ

मुंगी, मान्य करण्यासारखं खूप आहे. मग माझं म्हणणं जरा नेमकं करतो: रेघांची संख्या हा प्रश्न नाही, थांबायचं कुठे हे कोण ठरवतो हा प्रश्न आहे. सिक्सचा पट रेम्ब्रांने स्वतः भरला आणि स्वतः थांबला. नांतयनेही चेहऱ्यावर तेच केलं. व्हॅन डाइकचा पट मात्र त्याच्या मरणानंतर बाजाराने पुरा केला.

तांबडी_प्लेट

हे असं मांडलंत तर भांडण उरत नाही. फक्त एक: व्हॅन डाइकने तो पट मुद्दाम कोरा सोडला, की नंतर कोरणाऱ्याकडे पाठवायचाच होता, यावर जाणकारांत एकमत नाही. मालिकेतले त्याचे इतरही काही पट नंतर दुसऱ्यांनी भरले. प्राण्यांची आणि फळांची चित्रं काढणारा स्नायडर्स, त्याचंही डोकं व्हॅन डाइकचं आणि बाकीचं काम नेफ्सचं. तेव्हा कोऱ्या कागदाचं सौंदर्य त्याला दिसत होतं की आपल्याला दिसतंय, हे विचारावं लागेल. सुरुवातीचे ठसे जपून ठेवणारे संग्राहक तेव्हाही होते, एवढं नक्की.

अवांतर: क्लोद मेलां हा फ्रेंच कोरणारा कुणी आणला नाही. हा तर रेघा एकमेकींवरून नेतच नाही. सगळ्या समांतर, सावली हवी तिथे तीच रेघ जाड. १६३७ चं त्याचं पेरेस्क या फ्रेंच विद्वानाचं व्यक्तिचित्र बघा, नाकावर आणि कपाळावर रेघा कशा वळतात ते. आणि १६४९ चा त्याचा ख्रिस्ताचा चेहरा, दंतकथेत वेरोनिकाने त्याचं तोंड पुसलं त्या रुमालावर उमटलेला: नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली एकच रेघ गोल गोल फिरत कागदाच्या कडेपर्यंत जाते. डोळे, रक्त, काट्यांचा मुकुट, सगळं त्या एकाच रेघेच्या जाडीतून. मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा रेघ कुठे तुटते ते शोधत बसले होते.

फुलपाखरू_२

आत्ता शोधून पाहिलं. हे माणसाने केलंय??

खवचट_आजोबा

कसब अफाट, पण मला ती सर्कस वाटते. चेहऱ्याऐवजी लक्ष रेघेकडे जातं. माझं मत रोममधल्या ओत्ताव्यो लिओनीला. १६२० च्या दशकात त्याने छोटी छोटी व्यक्तिचित्रं कोरली, तळहाताएवढी. कपड्याला रेघा, कातडीला टिंबं. १६२४ चा त्याचा गॅलिलिओ पाहा. खटला अजून नऊ वर्षं लांब आहे, आणि साठीचा म्हातारा अजिबात दबलेला दिसत नाही.

देशस्थ_परदेशस्थ

इतका युरोप झाला, तर एक विचारतो. आपल्याकडचं कुणी या तांब्यावर चढलंय का?

पानगळ

हो. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या डच पाद्र्याचा ईस्ट इंडीजवरचा मोठा ग्रंथ १७२४ ते १७२६ मध्ये निघाला. त्यात मोगल बादशहांबरोबर शिवाजी महाराजांचंही कोरलेलं चित्र आहे. कोरणाऱ्याने महाराजांना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं, ग्रंथ निघाला तो त्यांच्या निधनानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. डचांकडे गोवळकोंड्याकडची लघुचित्रं पोचली होती. आम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहात अशीच चित्रं होती, त्यात महाराजांचंही आहे, आणि ती आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे महाराजांच्या अस्सल चित्राचा शोध इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी घेतला, तो याच डच धाग्यादोऱ्यांतून.

आणि उलट दिशेचंही आहे. रेम्ब्रांने १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोगल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली, शहाजहान धरून. तीही जपानी कागदावर, जो डच कंपनीच्या जहाजांतून यायचा. तोच कागद तो आपल्या एचिंगच्या खास ठशांनाही वापरायचा. पिवळसर, शाई पिऊन न टाकणारा.

मुंगी_उडाली_आकाशी

+१. १६५६ चं त्याचं ‘अब्राहम आणि देवदूत’ हे एचिंगही अशाच एका मोगल चित्राच्या मांडणीवर बेतलेलं आहे. व्यक्तिचित्र नाही, पण जाता जाता.

ॲमस्टेलवीनकर

मी राहते त्या गावाहून राइक्सम्युझियम जवळ. पण घरबसल्या बघायचं तर त्यांच्या संकेतस्थळावर हे ठसे मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. ब्रिटिश म्युझियमकडेही एकाच पटाचे वेगवेगळ्या टप्प्यांवरचे ठसे ऑनलाइन आहेत, क्लेमेंट दे योंग शेजारी-शेजारी लावून बघा.

प्रत्यक्ष बघायला मिळालं तर कागद समोरून बघून थांबू नका, तिरक्या उजेडात बघा. ओला कागद दाबाखाली खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो, त्यामुळे काळी रेघ कागदावर किंचित उभी असते. पडद्यावर हे दिसत नाही. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन असतो, तोही बघा. पूर्वीच्या संग्राहकांनी कित्येक ठशांच्या त्या कडा कात्रीने उडवल्यात, फार जीव जळतो.

चहाबाज

शेवटची शंका. ठसा उलटा येतो ना? मग हे सगळे लोक डावखुरे दिसायला हवेत, आणि तलवार उजव्या कमरेला.

तांबडी_प्लेट

बरोबर शंका. म्हणून तैलचित्रावरून कोरताना दोन रस्ते. एक तर तांब्यावर मुद्दाम उलटं काढायचं, त्यासाठी समोर आरसा ठेवून त्यातलं चित्र बघत काम करायचं. किंवा सरळ काढायचं आणि ठसा उलटा आला तर येऊ द्यायचा. असे उलटे ठसेही रगड आहेत. मजकूर मात्र उलटाच कोरावा लागतो. रेम्ब्रांचं १६२९ चं एक दांडगट एचिंग आहे, स्वतःचंच. दोन टोकांच्या कशाने तरी ओरबाडल्यासारखं. त्यात त्याने सही आणि साल प्लेटवर सरळ लिहिलं, आणि ठशात दोन्ही उलटं आलं. त्याचे दोनच ठसे उरलेत.

पण स्वतःचं चित्र असेल तर उलटेपणा उपयोगी पडतो. माणूस आरशात बघून काढतो, तिथे उजवा हात डावा दिसतो. रंगवलेल्या चित्रात तो तसाच राहतो. एचिंगमध्ये छापताना चित्र पुन्हा पलटतं आणि डाव्याचा परत उजवा होतो. म्हणजे रेम्ब्रांच्या रंगवलेल्या स्वचित्रांत तो स्वतःला दिसायचा तसा आहे, आणि तीसेक एचिंगमध्ये आम्स्टरडॅमच्या रस्त्यावर लोकांना दिसायचा तसा. १६४८ च्या खिडकीजवळच्या एचिंगमध्ये तो काम करताना बसलाय, त्यात सुई उजव्या हातात आहे ती त्यामुळेच.